वरच्याला खाली येता येईना

साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणायचे. तो टॉवर क्रेन चालवायचा, जमिनीपासून चौपन्न मीटर उंचावर, एका काचेच्या केबिनमध्ये बसून. मग काय, दिवसभर तेच विनोद. लोखंड उचलायला उशीर झाला की कुणीतरी म्हणायचं, "वरच्याची मर्जी." स्लॅबचं काम अडलं की, "आता सगळं वरच्याच्या हातात." नवे इंजिनियर साहेब आले तेव्हा पहिले दोन दिवस त्यांना वाटत होतं की इथली माणसं फारच भाविक आहेत.

मी खाली असते. माझं काम सिग्नल देण्याचं. लोकांना वाटतं, क्रेनवाल्याला वरून सगळं दिसतं. त्याला दिसतात फक्त माणसांची हेल्मेटं आणि मालाचा माथा. भिंतीच्या पलीकडे किंवा स्लॅबच्या खाली काय चाललंय ते त्याला कळत नाही. तिथे त्याचे डोळे म्हणजे मी, हातात वॉकी-टॉकी घेऊन उभी. "दोन मीटर डावीकडे. थांबा. अर्धा मीटर खाली. हळू. अजून हळू. थांबा." दोन टनांचा लोखंडाचा भारा माझ्या शब्दावर माणसांच्या डोक्यावरून जातो. तिथे मी चुकले तर माफी मागायलाही कुणी उरायचं नाही.

सात वर्षं मी त्याच्या कानात बोलत होते. समोरासमोर मात्र आम्ही जेवणाच्या सुट्टीत भेटलो तर तेवढंच. समोर मी त्याला अहो-जाहो करते, तो मला ताई म्हणतो. माघारी मात्र मी त्याला 'तो'च म्हणते, तेव्हा इथेही तेच करीन.

माणूस मूळचा मितभाषी, विनोदापुरता बोलणारा. वडील शाळेत शिपाई होते. हा एकोणिसाव्या वर्षी एका गोदामात पोती उचलायला लागला, मग फोर्कलिफ्ट शिकला, मग कुणा जुन्या क्रेनवाल्याने हाताशी धरून त्याला वर नेलं. पहिल्या दिवशी खाली उतरल्यावर त्याने बायकोला सांगितलं होतं की वर कुणी हाक मारत नाही, फार बरं वाटतं. हे मला खूप नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करते. मुलगी एकच, शिकायला परगावी.

त्याच्या दुखण्याची सुरुवात मोज्यापासून झाली. एका सकाळी पलंगाच्या कडेला बसून उजव्या पायात मोजा घालायला तो वाकला आणि जांघेत, अगदी खोल आत, कुणीतरी चिमटा काढावा तसं झालं. मांडी जिथे पोटाला येऊन मिळते तिथे. त्याने पाय सरळ केला, थांबला, पुन्हा वाकला. पुन्हा तेच. शेवटी बूट तसाच चढवून तो कामावर आला. बारा तास गुडघे दुमडून, पुढे झुकून, दोन पायांच्या मधल्या काचेतून खाली बघत बसायचं, हेच त्याचं काम. उतरताना त्याला जाणवलं की पाय कमरेपासून जड झालाय.

पहिल्या डॉक्टरांनी मलम दिलं. दुसऱ्यांना हर्नियाची शंका आली, सोनोग्राफी झाली, तसलं काही नव्हतं. तिसऱ्यांनी एक्स-रे बघून हाडं ठणठणीत आहेत म्हटलं. चौथ्यांनी त्याला कपडे उतरवायला लावून इतके भलतेसलते प्रश्न विचारले की तो घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या डॉक्टरांनी सगळे कागद एका बाजूला सारले आणि म्हणाले, फार टेन्शन घेता का? कधीकधी मनाचंही असतं. त्या दिवसापासून त्याने डॉक्टरांकडे जाणं सोडलं आणि कुणाला सांगणंही सोडलं.

एक तर जागाच अशी. हात मोडला तर गळ्यात अडकवून मिरवता येतो. गुडघा दुखला तर चारचौघांत गुडघ्यावर हात ठेवून कण्हता येतं. मी स्वतः माझ्या गुडघ्यांचं रडगाणं रोज सकाळी वॉकी-टॉकीवरून त्याला ऐकवायचे, सगळी साइट ऐकत असताना. तो म्हणायचा, "ताई, गरम पाण्याने शेका." जांघेत दुखतं हे त्याने कुणाला आणि कसं सांगायचं? बायकोलासुद्धा त्याने "कंबर धरलीय" एवढंच सांगितलं होतं. तो रात्री खुर्चीत झोपायला लागला. तिने जवळ यायचा प्रयत्न केला की पाठ फिरवायचा, कारण त्याला दुखण्याची धास्ती. तिला वाटलं, ह्याला आपला कंटाळा आला.

अशी दोन वर्षं गेली. दुखणं कधी कमी व्हायचं, कधी जास्त. भीती मात्र कधीच कमी झाली नाही. आधी वाटलं, आत गाठ असणार, डॉक्टर लपवताहेत. मग वाटलं, वर्षाच्या तपासणीत कळलं तर क्रेनवरून काढतील, आणि क्रेनशिवाय आपण कोण? मग हे सगळं मागे पडलं आणि एकच भीती उरली. शिडीची.

क्रेनच्या खांबाच्या आतून लोखंडी शिडी जाते. नऊ टप्पे, दर टप्प्याला वीस पायऱ्या, आणि प्रत्येक टप्प्यावर उभं राहण्यापुरती जाळी. बावीस वर्षं तो ह्या शिड्या जिना चढावा तसा चढला होता. उंचीची भीती त्याला ठाऊकच नव्हती. आता त्याला स्वतःच्या पायाची भीती वाटायला लागली. पायरीवर पाय ठेवला आणि तो आतून अडकला तर? निसटला तर? संध्याकाळी घरी पोचल्यापासून तो दुसऱ्या दिवशीची शिडी मनात चढायला लागायचा. जेवताना तिसरा टप्पा, अंथरुणावर सातवा. सकाळी कुणी यायच्या आत तो साइटवर यायचा, म्हणजे त्याचं हळू चढणं कुणाला दिसू नये. जेवायला खाली येणं बंद केलं. पाणी पिणं बंद केलं, नाहीतर मध्येच उतरावं लागेल. त्याने स्वतःचे नियम बनवले: प्रत्येक टप्प्यावर दहा श्वास, सहाव्या टप्प्यावर खाली बघायचं नाही, केबिनचं दार डाव्या हातानेच उघडायचं. नियम मोडला की दिवसभर काहीतरी वाईट होणार असं वाटत राहायचं.

जमिनीवरही तेच. बसमध्ये चढायची भीती, ओल्या फरशीची भीती, शिंकेची भीती. नातेवाइकांकडे जाणं बंद, कारण तिथे खाली बसावं लागेल. सिनेमा बंद, कारण रांगेतून वाट काढताना पाय वळवावा लागेल. जग आक्रसत आक्रसत घर, बस आणि केबिन एवढंच राहिलं.

मला काय दिसलं? खोटं कशाला सांगू, दिसलं बरंच. सकाळी पहिला आवाज यायचा तेव्हा त्यात धाप असायची. आधी विनोदाला विनोद परतवणारा माणूस "हो", "नाही", "उचलतो" यापलीकडे बोलेनासा झाला. एकदा मी विचारलं, सगळं ठीक ना? तो म्हणाला, पोटात गॅस झालाय. मी म्हटलं, ओवा खा. आणि विषय संपवला. माझ्या हाताखालून रोज टनांनी माल जातो, त्याचा झोक मला दुरून कळतो. ह्या माणसाचा झोक गेलेला मला कळला होता. मी विचारलं नाही, एवढंच.

तो दिवस मंगळवार होता. सकाळी चढताना सहाव्या टप्प्याच्या वर त्याच्या खुब्यात कट्‌ असा आवाज झाला आणि पाय अर्धा दुमडलेला तसाच अडकला. ना वर, ना खाली. काही क्षण तो नुसत्या हातांवर लटकला. मग पाय आपोआप सुटला. तो वर पोचला, खुर्चीत बसला आणि माझ्याशी नेहमीसारखं बोलला. मला काही कळलं नाही. दिवसभर तो काम करत होता आणि दिवसभर त्याच्या डोक्यात एकच होतं: हीच शिडी उतरायची आहे.

दुपारी तीनला वारा वाढला. वाऱ्याचं मीटर लाल रेषेकडे सरकलं आणि साहेबांनी काम थांबवलं. अशा वेळी हुक वर घेऊन क्रेनचा ब्रेक मोकळा सोडतात, म्हणजे वारा येईल तसा तिचा लांब हात आपोआप फिरतो आणि खांबावर ताण येत नाही. क्रेनवाला खाली उतरतो. त्याने हुक वर घेतला, ब्रेक सोडला. मी खाली वाट बघत उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शिडीवर कुणी दिसेना.

मी विचारलं. तो म्हणाला, "वारा उतरेल. मी इथेच बसतो."

 बावीस वर्षं क्रेनवर काढलेला माणूस असं बोलत नाही. मी त्याला म्हटलं, नऊ नंबरच्या चॅनलवर या. तो चॅनल रिकामा असायचा. तो आला. नुसता वाऱ्याचा आवाज, आणि मधूनमधून लोखंडाची कुरकुर.

मग तो म्हणाला, "ताई, मला खाली येता येत नाहीये."

"चक्कर येतेय का?"

"नाही. पाय आहे, पण माझा नाहीये. तीनदा दारापर्यंत जाऊन आलो."

मग ते सगळं बाहेर आलं. मोजा, डॉक्टर, सकाळचा कट्‌ आवाज. तो भराभर बोलत होता, जणू वेळ संपत आली होती. बोलता बोलता केबिन वाऱ्याबरोबर वळत होती, त्याने काही न करता. आधी नदी, मग कारखान्याच्या चिमण्या, मग पुन्हा नदी. तो म्हणाला की सगळं शहर आपल्याभोवती कुणीतरी फिरवतंय असं वाटतंय. शेवटी म्हणाला, साहेबांना सांगू नका.

मी सांगितलं. लगेच.  अग्निशमनवाल्यांना फोन गेला. त्यांची गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि त्यांची शिडी एवढी उंच पोचणार नव्हती. आमचे दोन फिटर दोर आणि पट्टे घेऊन खालून चढायला लागले. पण शिडीच्या त्या अरुंद पोकळीतून माणसाला खांद्यावर घेऊन कुणी उतरवू शकत नाही. ते त्याचा पट्टा दोराला बांधू शकले असते, बाकी पाय त्यालाच टाकायचे होते. आणि वाऱ्याचं मीटर चढतच होतं.

मी पुन्हा नऊ नंबरवर गेले. बटण दोनदा निसटलं. मला माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांचं एक वाक्य आठवलं: उतरताना दुखरा पाय आधी खाली. मी त्याला सांगितलं, उजवा पाय आधी खाली ठेवायचा, सरळच, वाकवायचा नाही. मग डावा त्याच्या शेजारी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की थांबायचं. लहान मूल उतरतं तसं.

"आणि अडकला तर?"

"अडकला तर हातावर राहा. सकाळी राहिलात ना? मी सांगते तेवढंच करा. दुसरं काही बघू नका, काही विचार करू नका. मी उतरवते तुम्हाला."

तो म्हणाला, "शिडीवर मला बटण दाबता येणार नाही. तुम्हाला माझा आवाज येणार नाही."

"न येऊ दे. तुम्ही ऐका."

केबिनचं दार उघडलं. नारिंगी जॅकेट बाहेर आलं आणि खांबाच्या आत शिरलं. त्या क्षणापासून माझ्या हातातला वॉकी-टॉकी मुका झाला. मी बोलत होते आणि पलीकडे कुणी ऐकतंय की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. लोखंडाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांमधून तो नारिंगी ठिपका दिसायचा, नाहीसा व्हायचा. "उजवा खाली. आता डावा. थांबा. श्वास घ्या. उजवा खाली." बाकी सगळे माझ्याभोवती गोळा झाले होते. माझी मान आखडली, डोळ्यांत धूळ गेली, पण मान खाली घालायची माझी हिंमत होईना. मला वाटत होतं, मी डोळे काढले की तो पडेल.

आठवा टप्पा झाला. सातवा झाला. सातव्याच्या खाली, मधोमध, ठिपका थांबला.

मी बोलत राहिले. उजवा खाली. ठिपका हलेना. वाऱ्याचा एक झोत आला आणि अख्खा खांब किंचित झुकून परत आला, मी जमिनीवरून बघितलं. पुन्हा म्हटलं, उजवा खाली. काही नाही. सहाव्या टप्प्याच्या वरची हीच ती जागा, सकाळची, हे मला माहीत होतं. फिटर अजून चौथ्यावर होते, वारा त्यांना वर सरकू देत नव्हता.  काय बोलावं? पाय अडकलाय की माणूस गोठलाय? बटण सोडलं तर त्याला वाटेल मी गेले. बटण दाबून ठेवलं तर काहीतरी बोलायला हवं.

मग मी काहीही बोलायला लागले. गुडघ्यांबद्दल बोलले. सकाळी बस चुकली ते सांगितलं. सातव्या मजल्यावर खिडकीच्या चौकटी उलट्या बसवल्या होत्या आणि साहेबांची कशी तारांबळ उडाली ते सांगितलं, साहेब शेजारीच उभे असताना. आणि मग म्हटलं, "मला पण भीती वाटतेय हो. फार वाटतेय. पण मी इथून हलणार नाही. तुम्ही घ्या हवा तेवढा वेळ."

किती वेळ गेला देव जाणे. साहेब नंतर म्हणाले, अकरा मिनिटं. मग नारिंगी ठिपक्याचा खालचा भाग थोडा लांबला. उजवा पाय.

पाचव्या टप्प्यावर फिटर त्याला भेटले, त्यांनी पट्ट्याला दोर बांधला. तिथून पुढेही तो एक पायरी, मग थांबा, असाच उतरला. जमिनीवर पाय टेकले तेव्हा तास होऊन गेला होता. त्याची बोटं शेवटच्या पायरीवरून सुटेनात. मी ती एकेक करून सोडवली. सात वर्षांत त्याच्या हाताला लागलेला माझा तो पहिला हात. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

मला वाटलं, संपलं एकदाचं. पण तसं काही झालं नाही. कंपनीने त्याला रजेवर पाठवलं आणि वरच्या कामासाठी अपात्र असा शेरा मारला. ज्या गोष्टीला तो दोन वर्षं भीत होता ती झाली, आणि भीती काही गेली नाही, उलट तिला दिवसभराची मोकळीक मिळाली. नवव्या दिवशी त्याच्या बायकोचा मला फोन आला. म्हणाली, तुमचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये 'खालच्या ताई' म्हणून आहे. तुम्ही येऊ शकाल का?

दोन खोल्यांचं घर, चौथ्या मजल्यावर. तिने दार उघडलं आणि मी "आले" म्हणताच तिचा चेहरा बदलला. म्हणाली, आवाज अगदी तस्साच, हे घरी तुमची नक्कल करायचे, आधी. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं ह्यांच्या आयुष्यात दुसरी कुणी आहे. आता वाटतं, असती तर परवडली असती."

तो आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पडून होता, गुडघ्यांमध्ये उशी. दाढी वाढलेली. नऊ दिवसांत तो संडासाखेरीज उठला नव्हता. हललो की आत काहीतरी फाटतं, म्हणाला. खोकला आला तर तो दोन्ही हातांनी जांघ दाबून धरत होता. मी खुर्ची ओढून बसले. थोडा वेळ आम्ही साइटच्या गप्पा मारल्या, म्हणजे मी मारल्या. मग त्याने बायकोला पाणी आणायला सांगितलं. ती गेल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला की त्या दिवशी सातव्याच्या खाली पाय अडकला नव्हता.

"मग?"

"वाटलं, हात सोडले की झालं. दुखणं नाही, भीती नाही. क्षणभरच वाटलं. पण घरी आल्यापासून ते रोज वाटतंय. मला आता त्या दुखण्यापेक्षा ह्या विचाराची जास्त भीती वाटते, ताई."

 त्या दिवशी मी बस चुकल्याचं सांगत होते, तेव्हा त्याच्या मनात हे चाललं होतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. पण मी त्याच्या बायकोला हाक मारली. ती पाण्याचा पेला घेऊन आली. मी म्हटलं, आत्ता मला जे सांगितलंत ते ह्यांच्यासमोर सांगा. तो नको म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते, पण हे एकट्याने वाहायचं ओझं नाही.

त्याने सांगितलं. जांघेचं, खुर्चीत झोपण्याचं, पाठ फिरवण्याचं, आणि हात सोडण्याचं. ती रडली नाही. पलंगावरचा टॉवेल उचलून तिने त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग त्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "उद्या मी सुट्टी घेते." त्या दिवसापासून महिनाभर तिने त्याला घरात एकटं ठेवलं नाही. ती कामावर गेली की परगावाहून बोलावून घेतलेली मुलगी, नाहीतर मी.

ती इतकी वर्षं ज्या इस्पितळाच्या चादरी इस्त्री करत होती तिथेच त्याला घेऊन गेली. वॉर्डातल्या बायकांना विचारून तिने खुब्याचे डॉक्टर शोधून काढले. त्यांनी खुब्याचा एमआरआय करायला लावला आणि प्लास्टिकचा एक सांधा हातात धरून दाखवलं: ही खुब्याची वाटी, हा मांडीच्या हाडाचा गोळा. तुमच्या गोळ्याचा आकार थोडा वेगळा आहे, तो वाटीच्या कडेवर घासतो. वर्षानुवर्षं दुमडून बसल्याने ती कड फाटलीय. साध्या एक्स-रेमध्ये हे सुटू शकतं. म्हणजे दुखणं खरं होतं. हे ऐकून तो त्या डॉक्टरांसमोर हुंदके देऊन रडला. रडू ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, आणि दोन वर्षं दुखून दुखून मनही आजारी पडलंय, तेही तितकंच खरं. दोन्हीवर इलाज करू.

मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकांकडे पाठवलं. त्यांच्या खोलीतली खुर्ची बुटकी होती. बसलो तर उठता येणार नाही या भीतीने पहिला पाऊण तास तो उभ्यानेच बोलला, आणि ते गृहस्थही त्याच्याबरोबर उभे राहिले. दुसऱ्या वेळी त्यांनी उंच स्टूल मागवून ठेवलं होतं.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे एवढीशी बाई. तिने पहिल्या दिवशी त्याला विचारलं, वाकलात तर काय होईल असं वाटतं? तो म्हणाला, कट्‌ आवाज होऊन पाय निखळेल. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग त्याला टेबल धरून चार बोटं वाकायला लावलं. दुखलं, पण पाय निखळला नाही. तो म्हणाला, आज नाही निखळला, उद्या निखळेल. ती म्हणाली, मग उद्या परत बघू. असं ते तीन महिने रोज बघत होते. मध्ये दोनदा त्याने सोडून दिलं. एकदा जिन्यात मधल्याच पायरीवर घाबरून बसला तेव्हा शेजाऱ्यांनी घरी आणून सोडला, आणि पुढे आठवडाभर पुन्हा तीच उशी, तीच कूस.

ह्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. दुखणं गेलेलं नाही, कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, पुढेमागे ऑपरेशन लागेल. ऑपरेशनचं नाव काढलं की त्याचे ओठ पांढरे पडतात. वर जायला तर तो कायमचा मुकला. कंपनीने त्याला साइटच्या ऑफिसात घेतलं आहे, कुठला माल कुठून कसा उचलायचा याचे नकाशे तो करतो, उंच स्टूलावर बसून, अर्ध्या तासाने उठून फेरी मारून. साहेब म्हणतात, इतके बिनचूक नकाशे त्यांनी बघितले नाहीत. तो मात्र ऑफिसच्या खिडकीकडे पाठ करून बसतो. क्रेन दिसली की अजून त्याच्या तळहातांना घाम फुटतो. बायकोशी बोलणं सुरू झालंय. परवा ती मला म्हणाली, भांडतात सुद्धा आता.

गेल्या रविवारी दुपारी फोन वाजला. तो होता. म्हणाला, "ताई, आज दुखतंय. आणि भीतीही वाटतेय. दोन्ही."

मी विचारलं, तो विचार आलाय का, हात सोडण्याचा? म्हणाला, "सकाळी आला होता. घरात सांगितलं. आता नाही." बायको मागून काहीतरी बोलत होती.

मी म्हटलं, चहा टाकते, दोघं या. त्यांच्या घरापासून माझं घर दहा मिनिटांवर. त्यांना पस्तीस मिनिटं लागली. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. रस्त्याच्या कडेने, भिंतीला धरून, दर खांबाशी थांबत तो येत होता, आणि ती त्याच्या अर्धं पाऊल मागे. माझ्या घरी तीन जिने चढायचे असतात. मी पटकन खाली उतरले, आणि आम्ही तिघं पहिल्या पायरीशी उभे राहिलो.